ग्रंथपालबाई वरच्या मजल्यावर राहत



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या दवाखान्यात औषधांच्या कपाटाशेजारीच पुस्तकांचं कपाट होतं, असं त्यांच्या सूनबाईंनी मला फोनवर सांगितलं. विषय तुम्हीच ठरवा, असंही त्या म्हणाल्या. मी म्हटलं, एका वैद्यकीय ग्रंथपालाविषयी बोलेन. त्या क्षणभर थांबल्या आणि मग त्यांनी विचारलं, "वैद्यकीय ग्रंथपाल नेमकं काय करतात हो?"

हा प्रश्न मी नोकरीच्या एकतीस वर्षांत शेकडो वेळा ऐकला. एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी साहाय्यक म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. देवघेवीचं टेबल, शिक्का, उशिराचा दंड एवढंच बाहेरून दिसतं. सूनबाईंना फोनवर मी दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं, पण ते उत्तर अपुरं होतं. पुरं उत्तर आज देतो, आणि ते माझ्या नव्हे, मार्सिया नॉइज यांच्या आयुष्यातून देतो. मी त्यांना नॉइजबाई म्हणेन. इतकी वर्षं त्यांच्याविषयी वाचत आलो आहे की दुसरं संबोधन तोंडात येत नाही.

नॉइजबाईंचा जन्म १८६९ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या साराटोगा स्प्रिंग्ज गावचा. तरुणपणी त्या बाल्टिमोरला आल्या आणि तिथल्या इनॉक प्रॅट मोफत ग्रंथालयात कामाला लागल्या. हे सार्वजनिक वाचनालय होतं. कादंबऱ्या, प्रवासवर्णनं, मुलांची पुस्तकं आणि वर्तमानपत्रं वाचायला येणारी माणसं, असा तिथला दिवस. वैद्यकाशी बाईंचा काही संबंध नव्हता.

त्याच शहरात मेरीलँड राज्यातल्या डॉक्टरांची एक जुनी संघटना होती, मेडिकल अँड चिरर्जिकल फॅकल्टी. फॅकल्टी म्हटल्यावर कॉलेज डोळ्यांसमोर येतं, पण ही आपल्याकडच्या मेडिकल असोसिएशनसारखी संस्था, १७९९ साली स्थापन झालेली. १८३० मध्ये तिने ग्रंथालय सुरू केलं होतं. १८९६ साली संघटनेचे अध्यक्ष होते जॉन्स हॉपकिन्सचे प्राध्यापक विल्यम ऑस्लर. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला वर्गातून उठवून रुग्णाच्या खाटेशी नेणारे म्हणून ऑस्लर आपल्या डॉक्टरांना माहीत असतात. ते हाडाचे पुस्तकवेडे होते, हे कमी जणांना माहीत असतं. ग्रंथालय नीट चालायचं तर ते शिकलेल्या ग्रंथपालाच्या हाती हवं, फावल्या वेळात किल्ल्या सांभाळणाऱ्या डॉक्टरच्या हाती नको, हे त्यांना पटलेलं होतं. नॉइजबाईंची नेमणूक झाली, आणि पुढची पन्नास वर्षं त्या त्याच संस्थेत राहिल्या.

राहिल्या हा शब्द इथे अक्षरशः घ्या. डॉक्टरला संदर्भ लागतो तो रुग्ण समोर असताना, आणि रुग्ण घड्याळ पाहून येत नाही. म्हणून ग्रंथपालाने इमारतीतच राहावं अशी व्यवस्था होती. १९०९ साली कॅथीड्रल स्ट्रीटवर संस्थेची नवी वास्तू उभी राहिली, तेव्हा तिच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर बाईंचं बिऱ्हाड ठेवलं गेलं. खाली पुस्तकं, सभागृह, डॉक्टरांच्या बैठका आणि वर ग्रंथपालबाई. आपल्याकडे देवळाच्या आवारात पुजाऱ्याचं घर असतं, तशी ही रचना मला वाटते.

बाईंच्या हाती आला तेव्हा संग्रह काही हजारांचा होता. आपल्या व्यवसायात पहिल्या दिवशी डोळ्यांपुढे येतो तो गोंधळ आकड्यांचा नसतो, नावांचा असतो. एक क्षयरोग घ्या. आपल्याच भाषेत तो क्षय, राजयक्ष्मा आणि टीबी. इंग्रजीत त्या काळी कन्झम्प्शन, थायसिस, ट्यूबरक्युलोसिस. कॉखने १८८२ मध्ये जंतू दाखवून दिल्यावर लोक एक नाव जास्त वापरू लागले, पण त्याआधीची पन्नास वर्षांची पुस्तकं जुन्याच नावांनी फडताळात उभी होती. आता एखादा डॉक्टर येऊन म्हणतो, क्षयावर काय आहे ते दाखवा. ज्या ग्रंथपालाला ही सगळी नावं एकाच रोगाची आहेत हे माहीत नाही, तो त्याला तिसरा हिस्सा दाखवेल आणि ते सगळं आहे असं समजून डॉक्टर घरी जाईल. सार्वजनिक वाचनालयाचं वर्गीकरण इथे पुरत नव्हतं. बाईंनी वैद्यकीय पुस्तकांसाठी वेगळी वर्गीकरण पद्धत बांधली, आणि तिला आधार घेतला इंडेक्स मेडिकसचा.

इंडेक्स मेडिकस म्हणजे काय हे सांगायला थोडं मागे जावं लागतं, आणि तिथे जॉन शॉ बिलिंग्ज या माणसाला टाळून पुढे जाता येत नाही. इंडियाना राज्यातला शेतकरी कुटुंबातला मुलगा. १८६० साली ओहायोत वैद्यकाची पदवी घेताना त्याने अपस्मारावरच्या शस्त्रक्रियेवर प्रबंध लिहायला घेतला. पूर्वी किती शस्त्रक्रिया झाल्या, किती रुग्ण वाचले, एवढंच त्याला हवं होतं. त्यासाठी त्याने ग्रंथालयं पालथी घातली. पुस्तकांतले संदर्भ चुकीचे निघाले, हवे ते खंड मिळेनात, आणि वैद्यकाचं छापील साहित्य बऱ्यापैकी एका जागी सापडेल असं एकही ग्रंथालय अमेरिकेत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. आपल्यापैकी ज्यांनी पीएच.डी. केली आहे त्यांना हा अनुभव नवा नाही. पण बहुतेक जण प्रबंध संपला की तो त्रास विसरतात. बिलिंग्ज विसरले नाहीत.

यादवी युद्धात ते सैन्याचे शल्यविशारद होते, गेटिसबर्गच्या रणांगणावर त्यांनी जखमी हाताळले. युद्ध संपलं तेव्हा ते वॉशिंग्टनला सर्जन जनरलच्या कचेरीत होते आणि तिथलं दोनेक हजार खंडांचं ग्रंथालय त्यांच्याकडे आलं. लष्करी रुग्णालयांच्या निधीतून सुमारे ऐंशी हजार डॉलर शिल्लक राहिले होते. ते पुस्तकांसाठी मिळाले. ज्या फोर्ड नाट्यगृहात लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली, ती वास्तू सरकारने घेतली होती. हे ग्रंथालय काही वर्षं तिथेच होतं. बिलिंग्ज १८९५ मध्ये निवृत्त झाले तेव्हा पुस्तकांची संख्या एक लाख सोळा हजारांच्या वर गेली होती आणि पुस्तिका जवळपास एक लाख नव्वद हजार होत्या.

पण त्यांचं खरं काम यादीचं. आलेलं प्रत्येक नियतकालिक ते संध्याकाळी घरी नेत, कोणत्या लेखाची नोंद घ्यायची यावर पेन्सिलीने खुणा करत, आणि दुसऱ्या दिवशी कारकून त्या नोंदी कार्डांवर उतरवत. रॉबर्ट फ्लेचर हे त्यांचे ज्येष्ठ सहकारी. दोघांनी मिळून १८७९ साली इंडेक्स मेडिकस हे मासिक सुरू केलं. जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत या महिन्यात कोणत्या विषयावर काय छापून आलं, याची सूची त्यात असे. त्याच्या पाठोपाठ १८८० पासून इंडेक्स कॅटलॉगचे जाडजूड खंड यायला लागले. पहिल्या मालिकेचे सोळा खंड पुरे व्हायला १८९५ साल उजाडलं. वैद्यकाला अमेरिकेने दिलेली सगळ्यात मोठी देणगी हीच, असा निर्वाळा विल्यम वेल्च यांच्यासारख्या विकृतिशास्त्रज्ञाने दिला होता. भूल देण्याचा शोध ज्या देशात सार्वजनिकपणे सिद्ध झाला, त्या देशातल्या थोर डॉक्टरने एका सूचीला असा मान द्यावा, हे मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरं वाटेना. आज वाटतं.

  

नॉइजबाईंकडे परत येऊ. मोठ्या ग्रंथालयाची सूची छापून आली तरी बाल्टिमोरच्या डॉक्टरला त्या सूचीतला लेख बाल्टिमोरमध्ये हवा असतो. छोट्या ग्रंथालयांना सगळी नियतकालिकं विकत घेणं शक्य नव्हतं. २ मे १८९८ रोजी फिलाडेल्फियात आठ माणसं एकत्र बसली. चार डॉक्टर, चार ग्रंथपाल. डॉक्टरांत जॉर्ज गूल्ड होते. ग्रंथपालांत मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाच्या मार्गारेट चार्ल्टन होत्या आणि आपल्या नॉइजबाई होत्या. त्या बैठकीतून वैद्यकीय ग्रंथपालांची संघटना जन्माला आली, तीच आजची मेडिकल लायब्ररी असोसिएशन. तिने हाती घेतलेलं पहिलं मोठं काम म्हणजे देवाणघेवाण. एका ग्रंथालयाकडे एखाद्या अंकाच्या दोन प्रती आहेत, दुसऱ्याकडे नेमका तोच अंक नसल्याने वर्षाचा खंड बांधता येत नाही. मग जादाची प्रत इकडून तिकडे पाठवायची. बराच काळ या देवाणघेवाणीचा संसार नॉइजबाईंच्या इमारतीतून चालला. गठ्ठे येत, याद्या जुळवल्या जात, पुन्हा गठ्ठे जात.

हे काम कुणाच्या चरित्रात रंगवून सांगण्यासारखं नाही, पण मी या व्याख्यानाची तयारी करताना सर्वांत जास्त वेळ त्याच्यावरच विचार करत राहिलो. नियतकालिक विभागात मी नऊ वर्षं होतो. बारा अंकांपैकी सातवा आलेला नसतो. विक्रेत्याला पत्र, स्मरणपत्र, पुन्हा स्मरणपत्र. तोवर बाइंडर थांबलेला. शेवटी सातव्याशिवाय खंड बांधला जातो आणि पुठ्ठ्यावर अपूर्ण अशी नोंद होते. त्या सातव्या अंकात काय होतं हे कुणालाच कळत नाही. नॉइजबाईंनी अशा किती ग्रंथालयांचे किती सातवे अंक पुरवले असतील याची मोजदाद मला कुठे सापडली नाही. माझ्या लेखी त्यांच्या सगळ्या पदांपेक्षा हे मोठं आहे.

पदंही मिळाली. सुरुवातीला या संघटनेचं अध्यक्षपद डॉक्टरांकडेच असायचं. ऑस्लरही १९०१ ते १९०४ अध्यक्ष होते. संघटना ग्रंथपालांची आणि अध्यक्ष मात्र डॉक्टर, असं पस्तीस वर्षं चाललं. १९३३ साली नॉइजबाई अध्यक्ष झाल्या. डॉक्टर नसलेल्या त्या पहिल्या अध्यक्ष, आणि पहिल्या स्त्री अध्यक्षही. त्या वेळी त्यांची नोकरी सदतीस वर्षांची झाली होती. हा मान त्यांना उशिरा मिळाला असं माझं स्पष्ट मत आहे, आणि तो उशीर त्या एकट्यांच्या वाट्याला आला नाही.

ऑस्लर १९०५ मध्येच ऑक्सफर्डला निघून गेले होते. बाई तिथेच राहिल्या. ग्रंथालय वाढत गेलं, साठ हजारांच्या पुढे गेलं. उन्हाळ्यात त्या ॲडिरॉन्डॅक डोंगरात सुटीला जात, तिथल्या शिबिराला त्यांनी स्वतःच्या आडनावाची इंग्रजी अक्षरं उलटी वाचून नाव ठेवलं होतं, सेयॉन. एरवी दिवस-रात्र त्याच वास्तूत. १९४६ मध्ये सेवेची पन्नास वर्षं पुरी झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या गेल्या. त्यांचा अंत्यविधी संस्थेच्या ऑस्लर हॉलमध्ये झाला. उत्तम वैद्यकीय ग्रंथपालाला त्यांची संघटना जो सर्वोच्च सन्मान देते, तो आजही मार्सिया नॉइज यांच्या नावाने दिला जातो.

आता मला त्याच शहरात, त्यांच्या मृत्यूनंतर पंचावन्न वर्षांनी घडलेली एक गोष्ट सांगायची आहे. तिच्यासाठीच मी हा विषय निवडला.

मधल्या काळात सूची संगणकावर गेली होती. वॉशिंग्टनचं ते लष्करी ग्रंथालय १९५६ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय झालं. फ्रँक रॉजर्स यांच्या कारकिर्दीत १९६० साली विषयशीर्षकांची प्रमाण यादी निघाली, म्हणजे मघाचा क्षय-राजयक्ष्माचा प्रश्न पक्का सोडवला गेला, आणि १९६४ मध्ये संगणकीय यंत्रणा सुरू झाली. १९९७ पासून पबमेड या नावाने हा शोध जगात सर्वांना फुकट खुला झाला. आपल्या तालुक्याच्या गावातला डॉक्टरही आज मोबाइलवर तो करतो. हे फार मोठं काम आहे, त्याविषयी माझ्या मनात फक्त कृतज्ञता आहे.

२००१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये दम्यासंबंधी एक संशोधन चाललं होतं. निरोगी माणसांना हेक्झामेथोनियम नावाचं रसायन श्वासावाटे द्यायचं आणि श्वसनमार्गाचं काय होतं ते पाहायचं. हे जुनं औषध. १९५० च्या दशकात रक्तदाबासाठी ते वापरात होतं, नंतर मागे पडलं. संशोधकाने आधीचं साहित्य धुंडाळलं होतं. पबमेड पाहिलं, इंटरनेट पाहिलं, पाठ्यपुस्तक पाहिलं. धोक्याचं काही दिसलं नाही. मे महिन्यात चोवीस वर्षांच्या एका निरोगी तरुणीने, तिथल्याच कर्मचारी असलेल्या स्वयंसेविकेने, ते श्वासातून घेतलं. दुसऱ्या दिवशी खोकला सुरू झाला. मग फुप्फुसं निकामी होत गेली आणि २ जूनला ती गेली.

नंतर ग्रंथपालांनी आणि इतर जाणकारांनी शोध घेतला, तेव्हा १९५० च्या दशकातले लेख सापडले. हेक्झामेथोनियम घेतलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांना इजा झाल्याची नोंद त्यांत होती. पबमेड त्या वेळी १९६६ पर्यंतच मागे जात असे. त्याच्या आधीचं सगळं छापील सूचीत होतं, इंडेक्स मेडिकसच्या आणि तिच्या भावंडांच्या खंडांत, ग्रंथालयाच्या कपाटात.

त्या मृत्यूचं एवढंच कारण होतं असं मी म्हणणार नाही. आधीच्या एका स्वयंसेवकाला खोकला झाला होता आणि तरी काम पुढे गेलं. संमतिपत्राविषयी, देखरेख करणाऱ्या समितीविषयीही चौकशीत दोष निघाले. जुलैत सरकारने तिथलं केंद्रीय निधीवरचं संशोधन काही दिवस थांबवलं. पण ग्रंथपाल म्हणून मला एकच प्रश्न छळतो. शोध १९६६ ला थांबतो, हे त्या खोलीत कुणाला माहीत होतं का?

सूनबाईंना द्यायचं उत्तर मला इथे सापडतं. सापडलेलं डॉक्टरला स्वतःला दिसतं. काय शोधलंच गेलं नाही, कोणतं दार या यंत्रणेला नाही, कोणत्या सालाआधी तिची नजर पोहोचत नाही, कोणत्या जुन्या नावाने तोच रोग लपलेला आहे, हे सांगणारं माणूस वेगळं लागतं. त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही. नॉइजबाई नव्हत्या. त्यासाठी सूची स्वतःच्या हाताने बनवलेली असावी लागते.

१९७१ साली गर्ट्रूड लँब यांनी कॅन्सस सिटीत ग्रंथपालाला डॉक्टरांबरोबर वॉर्डातल्या फेरीला पाठवायला सुरुवात केली. प्रश्न खाटेशी निघतो, मग ग्रंथपालाने खाटेशीच का असू नये, एवढा साधा तो विचार होता. १९९२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर परिसरातल्या रुग्णालयांतली एक पाहणी प्रसिद्ध झाली. हातातल्या एखाद्या रुग्णाविषयी ग्रंथपालाकडून माहिती मागवा आणि तिचा काय उपयोग झाला ते कळवा, असं डॉक्टरांना सांगितलं होतं. २०८ डॉक्टरांनी उत्तरं दिली, आणि त्यांतल्या ऐंशी टक्क्यांनी सांगितलं की त्या माहितीमुळे आम्ही उपचारात काहीतरी बदललं किंवा बहुधा बदललं. निदान बदललेलं, तपासणी बदललेली, औषध बदललेलं.

आपल्याकडे १२ ऑगस्टला रंगनाथन यांच्या जयंतीनिमित्त ग्रंथपाल दिन साजरा होतो. १९३१ साली त्यांनी मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी एक वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. महाविद्यालयांत फलकावर ते लिहिलेलं असतं. वैद्यकीय ग्रंथालयात वाचकाचा वेळ हा रुग्णाचा वेळ असतो, हे मात्र मला सेवेत आल्यावर एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी शिकवलं. रात्री साडेनऊला त्या फोन करायच्या. मी शहरातच राहत असे, सायकलवर जाऊन खंड काढून देत असे. वरच्या मजल्यावर राहण्याची सोय आमच्याकडे नव्हती.

निवृत्तीच्या आधी दोन वर्षं मी एका दुसऱ्या संस्थेत तज्ज्ञ म्हणून निर्लेखनाच्या, म्हणजे जुनी पुस्तकं काढून टाकण्याच्या, समितीवर गेलो होतो. जागा हवी होती, तिथे संगणक कक्ष करायचा होता. मागच्या व्हरांड्यात १९४० ते १९६५ मधल्या नियतकालिकांचे बांधीव खंड वजनकाट्यावर चढत होते. त्या पंचवीस वर्षांचं काही ऑनलाइन मिळतं का, हे कुणीही तपासलेलं नव्हतं. काही मिळतंही. आता अमेरिकेच्या त्या संगणकीय सूचीची नजर १९४६ पर्यंत मागे गेली आहे आणि इंडेक्स कॅटलॉगही २००४ पासून संगणकावर पाहता येतो. पण सूचीतली नोंद म्हणजे लेख नव्हे. नोंद सांगते की असा लेख आहे. तो वाचायला अंक लागतो. त्यातही आपल्या देशात निघालेली जुनी वैद्यकीय नियतकालिकं, प्लेगच्या, पटकीच्या, नारूच्या काळातली, त्यांचे किती अंक कुठे शिल्लक आहेत याची एकत्र यादी आपल्यापैकी किती जणांनी पाहिली आहे? मी त्या दिवशी हरकत लिहून दिली. अर्धे खंड वाचले, अर्धे तोवर गेलेले होते. मी सकाळी नऊला पोहोचायला हवं होतं, अकराला पोहोचलो.

या सभागृहात वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाते आहेत, रुग्णालयांचे विश्वस्त आहेत, काही तरुण डॉक्टर आहेत. तुम्हाला माझी हात जोडून विनंती आहे. ग्रंथपालाची रिकामी झालेली जागा भरा, ती कारकुनाकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून देऊ नका. संशोधनाला मंजुरी देणाऱ्या तुमच्या नैतिकता समितीपुढे प्रस्ताव येईल, तेव्हा पूर्वसाहित्य कुणी शोधलं, कुठे शोधलं आणि कोणत्या सालापर्यंत शोधलं, हे लिहून मागा. आणि जुने खंड काढायची वेळ आली, तर रद्दीवाल्याला फोन करण्याआधी शेजारच्या जिल्ह्यातल्या वैद्यकीय ग्रंथालयाला एक पत्र पाठवा. त्यांच्याकडे कदाचित सातवा अंक नसेल.